लुटुपुटीचं कार्ड आणि माझी दुपारची झोप

तर डोळे उघडून बघतो तो माझ्या खाटेच्या उशाकडच्या दांडीला सूनबाईचा मोबाइल रबरबँडने आवळून बांधलेला! गोष्ट सांगत काल इथपर्यंत आलो होतो आणि नेमकं तेव्हाच आमच्या हिने चहाला हाक मारली.

मी म्हटलं, "हा काय प्रकार आहे?"

सूनबाई शेजारी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. म्हणाली, "आबा, हलू नका. फार सुंदर चाललं होतं. अजून थोडं घोरता येईल का?"

"मी घोरत नाही."

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "छे हो, कोण म्हणतं? भिंती घोरतात आपल्या!"

आता ही सूनबाई म्हणजे माझी धाकटी सून. तिचा स्वभाव सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कुठलीही गोष्ट खरी घडायच्या आधी ती एकदा खोटी घडवून बघते. पाहुणे यायचे असले की मला आणि हिला पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बसवते, पाणी आणून देते आणि खुर्ची डुगडुगते का, पंख्याचा वारा लागतो का, ते विचारते. लग्नाआधी आम्हाला पहिल्यांदा भेटायला आली, तेव्हा माझ्या प्रत्येक प्रश्नाला तिचं उत्तर तयार. मागाहून कळलं, आदल्या दिवशी तिने स्वतःच्या वडिलांना माझ्या जागी बसवलं होतं. वर मला म्हणते, "बाबांनी तुमच्यापेक्षा अवघड विचारलं होतं."

अशा मुलीला नोकरीही तशीच मिळाली. तिच्या कारखान्यात माणसाच्या छातीइतके उंच पंखे बनतात. पंखा तयार झाला की तो टेस्ट बेंचवर, म्हणजे एका जाड लोखंडी चौकटीवर चढवायचा, अंगाला सेन्सर चिकटवायचे आणि तो किती थरथरतो ते बघायचं. सेन्सरकडून येणारी थरथर आकड्यांत बदलून संगणकाला देणारी एक डबी असते. तिला ही मंडळी डॅक कार्ड म्हणतात. कार्ड का म्हणतात ते मला विचारू नका, दिसायला ती साबणाच्या डबीसारखी आहे. ते आकडे वाचून पंखा पास की नापास हे सांगणारं सॉफ्टवेअर लिहायचं, हे सूनबाईचं काम. ती होती करारावर. खरेदीदाराकडच्या तपासनीस बाई येऊन बेंच मंजूर करून गेल्या तर नोकरी कायम, नाही तर करार संपला की हातात नारळ.

आणि ती डबीच येईना! पुरवठादाराला फोन केला की तो म्हणे, "निघाली, निघाली." मग सूनबाईने लुटुपुटीचं कार्ड केलं. म्हणजे संगणकालाच सांगायचं, 'बाबा रे, कार्ड आलंय असं समज.' तो बिचारा समजतो. नसलेल्या कार्डाला नाव देतो, नसलेल्या सेन्सरांचे आकडे देतो आणि सॉफ्टवेअर ते मुकाट्याने वाचतं.

मला हे चटकन पटलं. आमच्या गावच्या शाळेत तापमापक नव्हता. मास्तरांनी तो फळ्याच्या कोपऱ्यात रंगाने काढून ठेवला होता. रोज सकाळी ओट्यावर उभे राहून अंगावर वारा घ्यायचे आणि आत येऊन खडूने पारा वरखाली करायचे. आम्ही तो वाचून पाटीवर लिहायचो. पुढे खरा तापमापक आला आणि दोघांचं जमेना, तेव्हा सगळ्या वर्गाने एकमुखाने खऱ्याला खोटं ठरवलं.

तर सूनबाईची अडचण अशी, की हे लुटुपुटीचं कार्ड स्वतःच्या मनाने नुसती एक गुळगुळीत लाट देत राहतं. सॉफ्टवेअर बघतं आणि म्हणतं, पास. पुन्हा बघतं, पुन्हा पास. ती वैतागली. "आबा, याने कधी वाईट पाहिलंच नाही. उद्या समोर आलं तर ओळखणार कसं?" म्हणून तिने वाईट थरथर शोधायला घेतली. मोबाइलला थरथर कळते म्हणे. तो मिक्सरला बांधून बघितला, कपडे धुण्याच्या यंत्राला बांधून बघितला. सगळे शहाण्यासारखे वागले. मग एका दुपारी ती माझ्या खोलीवरून गेली आणि दारातच थबकली.

माझं असं आहे म्हणे, की सुरुवात संथ, मग हळूहळू चढत जायचं, मग एकदम खंड. त्या खंडात हिचा जीव टांगणीला लागतो. आणि मग असा एक हिसका, की खाट जागची सरकते. मला यातलं काही माहीत नाही. मी झोपलेला असतो.

सूनबाईने ती नोंद फाइल करून लुटुपुटीच्या कार्डाला जोडली. पहिल्या हिसक्याला सॉफ्टवेअर कोलमडलं. तिने दुरुस्त केलं, पुन्हा मला चालवलं. शेवटी एकदाचं ते ठणकावून 'नापास' म्हणालं, तेव्हा पोरीने घरभर पेढे मिळाल्यासारख्या उड्या मारल्या. मीही मारणार होतो, पण नापास कोण झालं ते लक्षात आलं.

यथावकाश खरी डबी आली. आता इथे जरा नीट ऐका, घोटाळा इथेच झाला. सॉफ्टवेअर कार्डाला नावाने हाक मारतं. नाव एकाच कार्डाला देता येतं, खऱ्याला किंवा लुटुपुटीच्याला. खऱ्याचं चिन्ह हिरवं, दुसऱ्याचं पिवळं. सूनबाईने नाव हिरव्याला दिलं, सगळं सुरळीत चाललं. पण तपासणीच्या दिवशी सकाळी तिला राहवेना. अहवाल नीट छापला जातो का, ते एकदा बघावं. एवढ्यासाठी पंखा कुठे सुरू करा, म्हणून तिने नाव तेवढ्यापुरतं पिवळ्याला दिलं. अहवाल छापला. इतक्यात तिचे साहेब धावत आले, "मॅडम, बाई फाटकाशी आल्यात!" आणि नाव राहिलं पिवळ्याकडेच.

तपासनीस बाई आल्या. बारीक चष्मा, चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. पंखे जोडणाऱ्या फिटरकाकांनी पंखा सुरू केला. पडद्यावर लाट उठली, संथ, मग चढती. साहेब खुलले. पंखाही वेग घेत होता आणि मीही. तोवर काही वाटायचं कारणच नव्हतं.

मग खंड पडला. पंखा समोर घोंघावतोय, कागद उडताहेत, आणि पडद्यावर रेघ सपाट. मग हिसका. पडदा लालभडक झाला: नापास.

साहेबांचा चेहरा उतरला. ते गर्रकन फिटरकाकांकडे वळले. "बेअरिंग कोणी बसवलं?"

"मीच," फिटरकाका म्हणाले. त्यांना घाम फुटला होता. "पण साहेब, मी हाताने फिरवून…"

"हाताने? बाईंसमोर लाज काढलीत!"

सूनबाईने मात्र मला ओळखलं. तो खंड तिने भिंतीपलीकडून रोज ऐकलेला. केबल ढिली आहे असं सांगून चोरून नाव बदलता आलं असतं. पण तेवढ्या वेळात काकांचं काय झालं असतं? आणि बोलावं तर ज्यांच्या सहीवर नोकरी, त्यांच्यासमोरच स्वतःचा गाढवपणा कबूल करायचा. तिने एकदा काकांकडे बघितलं आणि बोलली.

"साहेब, काकांना काही बोलू नका. हा पंखा नाही. हे माझे सासरे आहेत."

तपासनीस बाईंनी वळून दाराकडे बघितलं. "कुठे आहेत?"

"पडद्यावर."

तिने पंखा बंद करायला लावला. पाती फिरता फिरता थांबली. मी पडद्यावर चालूच. मग तिने सगळं सांगितलं: डबी उशिरा आली ते, मोबाइल, खाट, सकाळचा अहवाल, पिवळं आणि हिरवं. साहेब तोवर खुर्ची शोधत होते. तपासनीस बाईंनी मात्र फाइल संपेपर्यंत मला बघितलं.

"रोज असंच असतं?"

"दुपारी असं. रात्री जास्त."

"डॉक्टरांना दाखवा त्यांना," बाई म्हणाल्या. "आता खरं कार्ड लावा."

सूनबाईने नाव हिरव्याला दिलं. पंखा फिरला: पास. बाईंनी फिटरकाकांकडून मेणाचा गोळा मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने एका पात्याला थापला. तेवढ्या वजनाने पंखा थरथरायला लागला. नापास. गोळा काढला: पास. काकांनी कपाळ पुसलं.

मग बाईंनी निकाल सांगितला. "पंखा पास. सासरे नापास. दोन्ही बरोबर. बेंच मंजूर." पण दोन अटी घातल्या. लुटुपुटीचं कार्ड चालू असलं तर पडद्याभोवती पिवळी चौकट दिसलीच पाहिजे, म्हणजे पुन्हा असा घोटाळा नको. आणि दुसरी अट सूनबाईने आम्हाला लगेच सांगितली नाही. चपला काढता काढता झालेली फजिती, बाईंचा निकाल आणि नोकरी कायम झाल्याचं तेवढं सांगितलं. हिने तिला जवळ घेतलं, मग माझ्याकडे बघून इतकी हसली की भिंतीला धरून बसली.

मला आनंद झालाच. पण मीही सातवी शिकलेला माणूस आहे आणि एकाही इयत्तेत नापास झालेलो नाही. मी म्हटलं, "सूनबाई, फार छान झालं. आता काम झालंय, तर ती माझी फाइल पुसून टाक."

ती म्हणाली, "पुसू कशी, आबा? माझ्याबरोबर तुमचीही नोकरी कायम झालीय. बाईंची दुसरी अटच आहे, सॉफ्टवेअर वाईट ओळखतंय ना हे बघायला रोज सकाळी आधी तुम्ही नापास व्हायचं, मगच आम्ही पंखा सुरू करायचा."