पुठ्ठ्यावरचं माप

पोलोग्राउंडमधल्या आमच्या मिस्त्रीचा मोबाईलच्या फोटोवर विश्वास नाही. जुना पार्ट शोधायचा असला की तो मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा खोललेल्या पार्टवर धरतो, हातोडीने हलके ठोकून बोल्टच्या भोकांचे ठसे घेतो आणि पुठ्ठा खिशात घालून भंगार बाजारात जातो. "फोटोत तर सगळंच फिट दिसते, भिया."

माझ्या पिकअपचा ट्रान्सफर केस, म्हणजे चारही चाकांना ताकद वाटून देणारा डबा, फुटला. त्याने पुठ्ठा नेला आणि दुसऱ्या कुठल्याशा पिकअपचा डबा आणला. "एकदम बैठून जाईल."

भोकं तंतोतंत जुळली, पण शाफ्ट आत जाईना. डबा खाली उतरवून त्याने शाफ्ट ज्यांत बसतो ते आतले दाते बोटाने मोजले. एक कमी होता. मला दुसऱ्या दिवशी सकाळी घाटातल्या कच्च्या रस्त्याने पाण्याच्या टाक्या पोचवायच्या होत्या, त्यामुळे मी नको तेवढं बोललो.

"दाते मोजायचे राहून गेले. गलती माझी आहे."

एवढं बोलून तो स्वतःच्या पिकअपखाली शिरला. ती माझ्याच मॉडेलची आहे. संध्याकाळपर्यंत तिचा डबा माझ्या गाडीत बसला होता.

तेव्हापासून तो परदेशीपुऱ्यातल्या घरून सायकलने येतो. त्याची पिकअप अजून विटांवरच उभी बघून काल मी विचारलं, "इतक्या दिवसांत एकही डबा नाही मिळाला?"

"मिळाला होता ना. मोजून आणला होता," पुठ्ठ्यावर हातोडी चालवत तो म्हणाला. "पण एका गिऱ्हाइकाची गाडी त्याच डब्यासाठी खोलून पडली होती."