एक जुना, एक नवा

मंगळवार, १४ नोव्हेंबर. सकाळपासून ढगाळ, पाऊस नाही. दूध उशिरा आलं. गाडीचा रिमोट परवापासून हट्ट करतोय, वन्संनी आज नवे सेल आणले. बबडीचे खालचे दात टोचताहेत, लाळ सारखी गळते. दुपारी

त्या दिवसाची नोंद इथे तुटली. दिवसाचं दिवसाला लिहायचं आणि वाक्य अर्धं सोडायचं नाही, ही कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी लावलेली सवय. लग्नात, बाळंतपणात, यजमान गेले त्या आठवड्यातसुद्धा मी ती मोडली नव्हती. पण ती दुपार समजायची तर आधी वन्सं समजायला हव्यात.

वन्सं म्हणजे यजमानांची धाकटी बहीण. लग्न दोन वर्षं टिकलं. का मोडलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. एक पेटी घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, ही कुठे ठेवू?” मी पलंगाखाली जागा दाखवली. पेटी अजून तिथेच आहे. नणंद-भावजयीचं जमत नाही म्हणतात. आमचंही रोज जमतं असं नाही, पण न जमलेलं आम्ही रात्रीच्या भांड्यांबरोबर घासून ठेवून देतो.

पुठ्ठ्याची खोकी करायच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. कापून उरलेल्या पट्ट्या तिथे टाकत नसत. त्या पुन्हा भिजवून, कुटून नव्या लगद्यात मिसळायच्या. वन्संनी हे काम इतकी वर्षं पाहिलं की ते त्यांच्या हाडात उतरलं. आमच्या घरात टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापली जाते. पेन्सिल बोटात धरता येईना झाली की तिला कागदाची शेपटी लागते. आणि साबण. झिजून नखाएवढा झाला की वन्सं तो ओल्या नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवतात. “जुन्याने आधी झिजायचं, नव्याने तोवर सांभाळून घ्यायचं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. यजमान म्हणायचे, हिला स्वर्गात नेलं तर तिथलं उरलेलं अमृतसुद्धा ही बरणीत भरून ठेवेल.

यजमान गेल्यावर गाडी आच्छादनाखाली उभी राहिली. टायर बसले. मुलगा म्हणाला, विकून टाकू. वन्सं म्हणाल्या, चालती वस्तू विकायची कशाला, चालवू की. वय अठ्ठावन्न. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी मधे दोनदा रजा घेतली, ती वन्संमुळेच असं गल्लीत अजून बोललं जातं. पण शिकल्या. आता गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना दवाखान्यात नेणं-आणणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना ‘सारथी’ म्हणतात, तोंडावरसुद्धा. सारथ्याचा एकच कडक नियम आहे. गाडीत बसण्याआधी फोन डिकीत टाकायचा. चालवताना हाताशी असला की हात जातोच, म्हणतात.

आता ती दुपार.

रिमोट म्हणजे गाडीचं दार लांबून उघडायचं ते बटणांचं खेळणं. आधी एकदा दाबून उघडायचं, मग तीनदा, मग वन्सं दाराला चिकटून, गाडीच्या कानात सांगितल्यासारखं दाबायला लागल्या. घड्याळवाला म्हणाला, सेल संपलेत. ह्यात दोन लागतात, एकावर एक. पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या दोन फुगवट्यांत बसवलेली चपट्या गोल सेलची जोडी त्याने दिली.

वन्संनी तिपाईवर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा वर सरकवला आणि चपट्या पेचकसाने रिमोट उकलला. मी समोर कपड्यांच्या घड्या घालत होते. दोन जुने सेल निघाले ते मी डोळ्यांनी पाहिले. वन्संनी ते स्टीलच्या वाटीत टाकले. बबडी, म्हणजे माझी नात, सोफ्याची कड धरून चालायला लागलेली, इकडून तिकडे फेऱ्या मारत होती. तेवढ्यात दूध उतू जायचा वास आला आणि मी आत गेले.

आतूनच ऐकलं. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी हाक मारली, त्यांना आणि आजींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. वन्संनी रिमोट मिटल्याचा टक् आवाज आला. “वहिनी, झालं माझं, निघते. ती वाटी उचला तेवढी,” म्हणाल्या आणि जिना उतरल्या. मी शेगडी पुसली. दोन मिनिटं, फार तर. बाहेर आले तर बबडी तिपाईखाली बसलेली, तोंडात तो नव्या सेलचा पुठ्ठा. दोन्ही फुगवटे फाटलेले, रिकामे. आणि वाटीत एकच सेल.

दोन नवे आत गेले, तर दोन जुने बाहेर हवेत. हिशेब पहिलीतल्या पोरालाही येईल. मी वाटी उलटी केली, सरळ केली, जणू दुसरा तिच्यात लपलाय. सोफ्याखाली हात घातला, केरसुणी फिरवली, वर्तमानपत्र झटकलं, बबडीचा झगा झटकला. मग तिला उचलून तोंड उघडायला लावलं. ती हसली आणि लाळेची धार माझ्या मनगटावर पडली. सकाळी त्या लाळेला मी दात म्हटलं होतं. आता दात म्हणायची हिंमत होईना.

सूनबाई आतल्या खोलीत कंप्युटरवर ऑफिसचं काम करत होती. मी हाक मारली ती कशी मारली कोण जाणे, ती कानातलं यंत्र तसंच लोंबत धावत आली. मी वाटी दाखवली. तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. मी सवयीने दुधाची बाटली उचलली होती, ती तिने माझ्या हातातून काढून घेतली.

“काही देऊ नका, आई. हे घशात अडकले तर आतून जाळतात. संपलेले असले तरी.”

वन्संना फोन लावला. वाजत राहिला. डिकीत वाजत होता, हे दोघींनाही माहीत होतं, तरी पुन्हा पुन्हा लावला. गाडी वन्संबरोबर गेलेली. मुलगा कामासाठी परगावी. कोपऱ्यावर भाड्याची गाडी मिळाली. सुनेने बबडीला मांडीवर ताठ बसवलं आणि मी वाटी मांडीवर घेतली. ती का बरोबर घेतली ते तेव्हा कळलं नाही. घरात ठेववेना, एवढं खरं. प्रत्येक खड्ड्याला तो उरलेला सेल वाटीत टण् वाजायचा आणि बबडी टाळ्या पिटायची. मी त्याच्यावर तळहात ठेवला.

सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. आवाज न चढवता म्हणाली, “आत्यांना कळायला नको? घरात मूल आहे.”

मी म्हटलं, वाटी उचलायला मला सांगितलं होतं.

“तुम्हाला सांगून त्या निघून गेल्या, आई. आता तिला त्यांच्या हातात कशी देऊ मी?”

बबडी जन्मल्यापासून दुपारची झोप वन्संच्या मांडीवर घेते. दुसऱ्या कुणाच्या मांडीवर ती डोळा मिटत नाही, माझ्यासुद्धा नाही.

दवाखान्यात ओळीत थांबावं लागलं नाही. नर्सने ‘सेल’ शब्द ऐकला आणि आम्हाला थेट आत नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, केवढा? मी वाटी पुढे केली. त्यांनी सेल चिमटीत धरला आणि बबडीच्या गळ्याकडे पाहिलं. आधी एक्स-रे काढू, म्हणाले. सूनबाई बबडीला घेऊन फोटोच्या खोलीत गेली, दारावरचा तांबडा दिवा लागला, मी बाकावर.

मला प्रार्थना पाठ आहेत. शाळेत रोज म्हणायचो. त्या बाकावर एकही पूर्ण आठवेना. म्हणून मी वाटीचा काठ पदराने पुसत बसले.

वन्संचा आवाज आधी आला, मग वन्सं. आजी-आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उतरवून त्यांनी पर्ससाठी डिकी उघडली, फोन पाहिला, लावला, आणि मी फक्त “बबडी, सेल, दवाखाना” एवढंच म्हणू शकले होते. साडीचा काठ एका बाजूने पायात आलेला, श्वास लागलेला.

“वहिनी, कुठला सेल?”

“जुना. दोन होते. वाटीत एकच आहे.”

त्यांनी वाटीत पाहिलं. मग माझ्याकडे, मी काही विचित्र बोलल्यासारखं. “एकच असणार. दुसरा रिमोटमधे आहे.”

“आणि नवा?”

वन्संनी पर्स उघडली. रुमालाच्या कोपऱ्याला गाठ होती, ती सोडली. आत नवा सेल, चकचकीत.

“दोन्ही नवे एकदम कशाला घालायचे? एक जुना, एक नवा घातला. जुना आधी झिजेल, तोवर...”

त्या तिथेच थांबल्या. साबणाचं वाक्य त्यांच्या स्वतःच्याच कानांवर पडलं असावं.

त्यांनी बाकावर बसून नखाने रिमोट उकलला. आत दोघं एकावर एक बसले होते, वरचा नवा, खालचा कडेने काळवंडलेला. मी बोट लावून पाहिलं. मग तांबडा दिवा लागलेल्या दाराकडे धावले, या वयात जितकं धावता येतं तितकं. डॉक्टर बाहेर आले तर मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी रिमोट पाहिला आणि म्हणाले, बरं आहे, पण मी फोटो पाहिल्याशिवाय काही म्हणणार नाही. त्यांचं बरोबरच होतं. तरी तो फोटो उमटेपर्यंतचा वेळ सगळ्यात वाईट गेला. हिशेब जुळला होता, आणि मी आज ज्या हिशेबावर विश्वास ठेवला तो एकदा चुकलाही होता. वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत.

डॉक्टर पुन्हा आले. घशात, पोटात, कुठेच काही नाही. दात येताहेत, म्हणाले. आणि सेल जुने असोत, नवे असोत, मुलाच्या हाताला लागतील असे ठेवू नका. हे त्यांनी तिघींकडे बघून सांगितलं आणि तिघींनी मान हलवली.

बाहेर गाडीपाशी आलो. वन्संनी बटण दाबलं. गाडी ढिम्म. पुन्हा दाबलं. जुन्याने नव्याला सांभाळून घेतलं नव्हतं, की नव्याने जुन्याला, ते गाडीलाच माहीत. मगाशी येताना आतली धातूची किल्ली काढून दार उघडलं होतं, हे वन्संनी आता कबूल केलं.

सूनबाईने बबडीला कडेवर सावरलं. “आत्या, दोन्ही नवे घाला,” म्हणाली.

वन्सं तिथेच पायरीवर बसल्या. रिमोट उघडला, जुना सेल काढून वाटीत टाकला आणि रुमालातला नवा घेतला. पण तो खाचेत बसेना. खोक्यांच्या कारखान्यात नव्या बायकांना पेचकस धरून यंत्र लावायला शिकवलेले ते हात, आणि बटणाएवढा सेल दोनदा निसटून साडीत पडला. मी वाकणार, तेवढ्यात सूनबाईने बबडीला कडेवरून उतरवलं आणि वन्संच्या मांडीवर ठेवलं. रिमोट आणि सेल स्वतः घेतला. टक् करून मिटवला. गाडी दोनदा डोळे मिचकावून उघडली.

वन्संनी बबडीला धरलं होतं ते दोन्ही हातांनी. बबडीने त्यांच्या खांद्यावर लाळ पुसली आणि डोळे मिटले. तिची झोपेची वेळ टळून गेली होती.

“मी चालवते,” सूनबाई म्हणाली. वन्संनी पहिल्यांदाच हरकत घेतली नाही. फोनसुद्धा डिकीत टाकायला विसरल्या.

वाटेत आजी-आजोबांना घ्यायचं होतं. डोळ्यांत औषध घातलेली दोघं एकमेकांचा हात धरून बाकावर बसली होती. आजोबा म्हणाले, सारथी रथ घेऊन पळाली, आता कुरुक्षेत्रावरून पायी जावं लागणार असं वाटलं. आजींनी मागे बघून विचारलं, बाळ झोपलंय का? वन्सं म्हणाल्या, झोपलंय. त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

कोपऱ्यावर सूनबाईने गाडी थांबवली. दोन्ही जुन्या सेलांना तिने पर्समधली चिकटपट्टी गुंडाळली आणि घड्याळवाल्याकडच्या जुन्या सेलांच्या डब्यात टाकले. वन्सं खिडकीतून बघत होत्या. अजून जीव असेल त्यात, असं काही म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. म्हणाल्या नाहीत.

रात्रीची भांडी आम्ही दोघींनी घासली. नेहमीसारखी. मग मी वही उघडली. सकाळच्या नोंदीपुढे ‘दुपारी’ एवढं लिहिलं. दुपारचं काय लिहावं सुचेना, तेव्हा दुपार खोडली आणि संध्याकाळचं लिहिलं:

न्हाणीघरात साबणाची नवी वडी काढली. जुनी चकती वन्संनी टाकून दिली.