पुरून उरेल अशी गाडी

फिटनेसच्या मशीनने आमची व्हॅन नापास केली, त्या दिवशी मी तिथल्या माणसाशी इतका भांडलो की मागे रांगेत उभे असलेले लोक मोबाइल काढून बघायला लागले. खरं तर त्या बिचाऱ्याच्या हातात काही नव्हतं. त्याने सायलेन्सरमध्ये नळी घातली, पडद्यावर आकडा आला, आकडा लाल होता. पंधरा वर्षं भरलेली गाडी. नोंदणी पुढे वाढवायची तर धूर मर्यादेत पाहिजे, आणि आमच्या व्हॅनचा धूर पाहून पलीकडचा चहावाला गाडा सरकवून राहिला होता. “अंकलजी, अब इसको आराम करने दो,” मशीनवाला म्हणाला. मी ओरडलो, गाडीला आराम देतो रे, पण बायकोला काय खांद्यावर नेऊ? बोलून गेलो आणि मग माझं मलाच ते ऐकू आलं. कागद घेऊन निघालो.

बायकोचं आधी सांगतो. तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेलेल्या. आठवड्यातून तीनदा आमच्या जबलपुरात कांचघरहून नेपियर टाउनला डायलिसिसला न्यायचं. त्यात घरात पडून कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ऑटोत बसणं बंद. डायलिसिस झाल्यावर बीपी असं खाली येतं की बसल्या जागी मान टाकते. म्हणून व्हॅनची मधली सीट काढून मी तिथे फळ्यांचा छोटा पलंग ठोकला होता. जन्मभर फॅक्टरीत लाकूडकामच केलं, एवढं तर यायलाच पाहिजे. ती त्यावर आडवी व्हायची आणि बाहेरचं काही दिसत नसतानाही नुसत्या धक्क्यांवरून रस्ता सांगायची. चौक गेला, पुलाखालून निघालो, आता डावीकडे वळले तुम्ही. कधी चुकली नाही. अँब्युलन्सही सांगून पाहिली होती. ती एकदा इतकी उशिरा आली की मशीनवरचा हिचा नंबर दुसऱ्याला गेला, आणि पुढच्या पाळीपर्यंत तिचा चेहरा सुजून ओळखू येईना. तेव्हा गाडी नाही म्हणजे डायलिसिस नाही, आणि डायलिसिस नाही म्हणजे ती नाही. एवढं साधं होतं ते.

नियम चुकीचा असता तर मला बरं वाटलं असतं, मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या. पण तो धूर मागच्या दारातून आत यायचा आणि पहिला तिच्याच छातीत जायचा. घरी पोहोचेपर्यंत खोकून खोकून लाल व्हायची. हे मला वर्षभर दिसून राहिलं होतं आणि मी काचा वर करून गाडी हाकत होतो. मेकॅनिकनेही हात वर केले. म्हणाला, इंजिन उघडलं तर बंद करायची हिंमत माझ्यात नाही.

तर दुसरी गाडी बघणं भाग होतं. त्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांनी मला आणि माझ्या मेहुण्याला, म्हणजे हिच्या धाकट्या भावाला, केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. ती तिकडे मशीनवर होती. डॉक्टर म्हणाले, हृदय साथ देत नाही. एक साल, बहुत हुआ तो डेढ़. मेहुणा तिथेच रडायला लागला. मी त्याला जिन्यात नेऊन दम भरला, ताईसमोर असं तोंड केलंस तर याद राख. तिला सांगायचं नाही, हे आम्ही त्या जिन्यातच ठरवलं. तिच्यासमोर जाताना मी त्याला रुमाल दिला आणि सांगितलं, विचारलं तर म्हण डोळे आले आहेत.

आता आमच्या घरची एक खोड सांगायला पाहिजे. माझे वडील फॅक्टरीच्या नोकरीसाठी विदर्भातून जबलपूरला आले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. अशा घरांमध्ये माणूस आपोआप शिकतो की समोरच्याला कळू द्यायचं नाही ते मराठीत बोलायचं. आम्ही त्याला ‘आतलं बोलणं’ म्हणतो. बायको तर यात एकदम उस्ताद. साडीच्या दुकानात तोंडभर हसून “बहुत सुंदर है भैया” म्हणायची आणि त्याच हसण्यात मला सांगायची, “पहिल्या धुण्यात रंग जाते, हा लुटून राहिला, उठा.” दुकानदार खूश, आम्ही बाहेर. तीस-पस्तीस वर्षं या शहरात आमचं असंच चाललं आणि कुठे अडलं नाही.

जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाचं आवार बायपासकडे होतं. मी आणि मेहुणा, दोघंच गेलो. मालक पन्नाशीचा, गळ्यात गमछा, चष्मा दोरीने बांधलेला, बोलणं अस्सल जबलपुरी हिंदी. मी त्याला म्हटलं, घरी पेशंट आहे, व्हॅन पाहिजे. त्याने दोन दाखवल्या.

पांढरी दिल्लीहून आलेली. तिकडे डिझेल गाडीची दहा वर्षं झाली की तिला रस्त्यावर येऊ देत नाहीत, म्हणून लोक कागद करून इकडे विकतात. इथे तिची पंधरा भरायला पाच वर्षं होती. “तिकडे म्हातारी, इकडे तरणीताठी,” मेहुणा म्हणाला. दुसरी निळी, इथलीच, पेट्रोलवर चालणारी, तेरा वर्षांची. दोन वर्षं बाकी. दोन वर्षांनी मशीनसमोर नेली की आमच्या जुन्या व्हॅनसारखीच नापास होणार, हे तिच्या आवाजावरून कळतच होतं. पण स्वस्तात होती.

मालक शेजारी किल्ल्या घेऊन उभा, आणि आम्ही सवयीने आतलं बोलायला लागलो. पलंग बसेल का, ताईला आडवं सरकवायचं तर कोणतं दार बरं, असं सगळं. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, पांढरी घेऊन टाका. पाच वर्षं डोक्याला ताप नाही.”

मी म्हटलं, “पाचवाली काहून घ्यायची रे? डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना? वर्ष, फार तर दीड. निळी पुरून उरेल.”

पुरून उरेल. पोळ्यांची कणीक मळताना म्हणतो ना, ब्लाउजचं कापड घेताना म्हणतो ना, तसंच म्हटलं मी. आणि खोटं काहून बोलू, त्या घडीला मला लाजबीज काही वाटली नाही. उलट वाटलं, बघा, किती व्यवहारी माणूस आहे मी. मेहुण्याने मान फिरवली आणि निळीच्या टायरला उगाच लाथ मारली.

मालकाने निळीची किल्ली खिशात टाकली. मग म्हणाला, “सर, एक बार दीदी को लिटाकर देख लीजिए. लेटना उनको है, वही बताएँगी.” मला ते पटलं. तरी घरी गेल्यावर डोक्यात यायला पाहिजे होतं, की मी याला नुसतं ‘पेशंट’ म्हटलं होतं. पेशंट बाई आहे आणि तिला झोपवून न्यायचं आहे, हे याला कोणी सांगितलं? नाही आलं डोक्यात. मी गाडीचे पैसे कसे कमी करायचे त्या विचारात होतो.

दोन दिवसांनी जुन्या व्हॅनमधून तिला घेऊन गेलो, मेहुणाही सोबत होता. दोघांनी उचलून आधी तिला पांढरीत आडवं केलं, मग निळीत. ती कितीतरी महिन्यांनी डायलिसिस सोडून दुसऱ्या कामासाठी घराबाहेर पडली होती. बाईसाहेब रंगात होत्या. छताला हात लावून पाहिला, दार सरकवून पाहिलं, निळीतल्या वासाला नाक मुरडलं. मग निळीतूनच, झोपल्या झोपल्या, तिने मालकाला आपल्या गोड हिंदीत विचारलं, “भैया, दोनों में ज्यादा साल किसके बचे हैं?”

आणि तो माणूस मराठीत बोलला. “ताई, पांढरीचे. पाच वर्षं आहेत तिची. तुम्ही तीच घ्या. निळी नका घेऊ.”

म्हणजे त्या दिवशीचं आमचं आतलं बोलणं याला सगळं कळलं होतं. बायको मात्र खूश झाली. “अय्या, तुम्हाला मराठी येते?”

“आई बालाघाटची होती माझी. घरात मराठीच बोलायची.” तो हे तिला सांगत होता, पण बघत माझ्याकडे होता. रागाने नाही. राग असता तर मी भांडलो असतो.

मी घाईघाईत म्हटलं, चलो, उशीर होऊन राहिला, मग बोलू. तिथेच चुकलो. तीस वर्षं दुकानदारांचे चेहरे वाचलेली बाई ती. तिने माझ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. भाऊ रुमाल शोधत होता.

“हे कोणती घ्या म्हणत होते?” तिने मालकाला विचारलं.

तो खाली बघून हिंदीत म्हणाला, “दीदी, ये वाली.”

“काहून?”

मी म्हटलं, दार रुंद आहे हिचं. ती म्हणाली, “अच्छा.” बस, एवढंच.

परत येताना मेहुणा पुढे माझ्याशेजारी बसला होता. चौकाचा खड्डा आला, गाडी दणकली, पण मागून आवाज नाही. पुलाखालून गेलो, तरी नाही. मी आरशात बघितलं तर ती छताकडे डोळे लावून पडलेली.

“किती सांगितली डॉक्टरने?” तिने विचारलं.

मी म्हटलं, कशाची किती?

“माझ्याशी आतलं बोलू नका. किती?”

“वर्ष. दीड.” मेहुणा हुंदके देऊन रडायला लागला आणि मी त्याच्यावर खेकसलो, गप बस! दुसऱ्या कोणावर खेकसणार? मग मी म्हटलं, मी उद्याच्या उद्या पांढरी घेतो. झक मारली मी. पांढरीच घेतो.

“नाही,” ती म्हणाली. “आता पांढरी आणली तर ती माझ्यासाठी नसेल, तुमच्या लाजेसाठी असेल. निळीच आणा. पुरून उरेल म्हणता ना, मग बघू.”

पुरून उरेल हा शब्द तिच्यापर्यंत कसा पोहोचला, मला आजही माहीत नाही. भावाने सांगितला असेल. की तिचा नवरा अशा वेळी कोणता शब्द वापरतो, हे तिला न सांगताच ठाऊक होतं? मी दोघांनाही कधी विचारलं नाही.

निळी आणली. पलंग तिच्यात हलवला. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, नेपियर टाउनच्या वाटेवर, ती विचारायची, “किती महिने राहिले हो, गाडीचे?” ‘गाडीचे’ जरा थांबून म्हणायची. मी आकडा सांगायचो. सांगावाच लागायचा, नाही तर दिवसभर बोलायची नाही. तिला चेष्टा वाटायची की शिक्षा द्यायची होती, कोण जाणे. मला तर दोन्ही सारखंच लागायचं.

वर्ष गेलं. दीड गेलं. ज्या डॉक्टरांनी मुदत सांगितली ते दुसऱ्या शहरात निघून गेले. ती राहिली, पण कशी राहिली ते सांगू नये. हाताची शीर सुजून दोरखंडासारखी झाली, नजर इतकी गेली की पोळी कुठे आणि ताट कुठे ते चाचपून बघते. वजन तर इतकं कमी झालं की आता मी एकटा उचलतो, मेहुण्याला बोलवावं लागत नाही. आणि एक गोष्ट आहे, जी मी कोणाला सांगितलेली नाही. मागच्या हिवाळ्यात, सकाळच्या पाळीला, थंडीत निळी सुरू होईना. मागे ती कण्हत होती. मी चावी फिरवत होतो आणि मनात आलं, दोघींचं एकदाच आटोपलं तर मी सुटेन. तेवढ्यात गाडी सुरू झाली. चौक आला तशी ती मागून म्हणाली, “चौक गेला.” मी कसंबसं हुं केलं. मला माझी किळस आली, अजून येते.

या महिन्यात निळीची पंधरा भरून राहिली. मशीनसमोर नेलीच नाही, कशाला तमाशा. गेल्या आठवड्यात डायलिसिस नसलेल्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, चला त्या भैयाकडे. तोच गमछा, तीच दोरी, केस मात्र पांढरे झालेले. “या ताई,” तो मराठीत म्हणाला, आणि तिला जिवंत बघून त्याचे डोळे भरून आले. परक्या माणसाचे.

तिला उतरवता येत नव्हतं. मी दार सरकवलं. उन्हाकडे तोंड करून, काही दिसत नसताना, ती म्हणाली, “अहो, या खेपेला किती वर्षांची बघायची? सांगा. मागचा अंदाज तुमचाच होता.”

मी काहीतरी पुटपुटलो. मालक चष्मा पुसायला लागला.

“मोठ्याने बोला,” ती म्हणाली. “इथे आतलं काही नाही.”

मग मी मालकाला ओरडून म्हटलं, अगदी भांडल्यासारखं, “भैया, सबसे ज्यादा साल वाली दिखाओ!”

कोपऱ्यातल्या एका राखाडी गाडीकडे हात करून तो म्हणाला, हिची सात वर्षं आहेत.

“बाप्पा!” ती म्हणाली. हसली की काय, कळलं नाही, खोकलाच आला तिला. “सात वर्षं मला ओढणार का तुम्ही?”

“ओढीन,” मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, आणि ते तिघांनीही ऐकलं, तिने, त्याने आणि मी.