लॅमिनेट केलेली चिठ्ठी

“तुमच्या डोकेदुखीचं कारण आता डोक्यात नाही, भाई. खिशात आहे,” सिल्वासातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या शर्टाकडे बोट दाखवलं. खिशात दोन पेनं, गोळ्यांची पट्टी आणि एक लॅमिनेट केलेली चिठ्ठी होती.

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं : ॲनाल्जेसिक रिबाउंड हेडेक. म्हणजे दुखणं थांबवायच्या गोळ्या फार वेळा घेतल्यामुळे उलटून येणारं दुखणं. गोळीचा असर उतरला की डोकं दुखतं, म्हणून आपण पुन्हा गोळी घेतो, तिचाही असर उतरतो. मी इंजिनिअर आहे, त्यामुळे हे दोन मिनिटांत समजलं. पटायला मात्र तीन दिवस लागले.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. मी नाशिकहून येऊन सिल्वासाजवळच्या राखोलीतल्या एका कारखान्यात शिफ्ट इंचार्ज झालो होतो. शेव-फरसाणाची पाकिटं जिची बनतात ती दुहेरी प्लॅस्टिक फिल्म आम्ही तयार करायचो. दुपारी चारनंतर कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. वापीच्या एका डॉक्टरांनी नीट तपासून सांगितलं, टेन्शन हेडेक. मान आणि डोक्याचे स्नायू आखडून होणारी डोकेदुखी. त्यांनी एक कॉम्बिनेशन गोळी लिहून दिली. तिच्यात तीन औषधं होती : पॅरासिटामॉल, कॅफीन आणि थोडं गुंगी आणणारं, स्नायू सैल करणारं औषध. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं, दुखलं तरच एक, एकूण दहा.

गोळी चांगली होती, हे आधीच सांगतो. अर्ध्या तासात पट्टा सुटायचा.

चिठ्ठी मात्र खिशातल्या घामाने विरायला लागली. मग मी आमच्या कारखान्यातल्या माणसालाच सुचेल असं काम केलं. नमुने काढायच्या मशीनवर तिला दोन्ही बाजूंनी फिल्म चढवली. काम इतकं सफाईदार झालं, की मी ते चारचौघांना दाखवलं. केमिस्टला त्यावर तारीख घालता येईना, शिक्का मारला तर शाई पुसली जाई. “साहेब, आ तो आयकार्ड थई गयुं!” हे तर ओळखपत्रच झालं, असं म्हणून तो हसला आणि त्याने गोळ्या दिल्या. दहा गोळ्यांची चिठ्ठी चौदा महिने चालली.

आधी आठवड्यात दोन गोळ्या, मग रोज एक, मग दुखेल या भीतीने आधीच एक. सर्दी झाली तेव्हा वर सर्दीची गोळी घेतली. तिच्यातही पॅरासिटामॉल होतं. कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपावरचं लेबल वाचणाऱ्या मी गोळ्यांची पट्टी कधी उलटून वाचली नव्हती.

मग सुरक्षा सप्ताह आला. प्रमुख पाहुणे तासभर उशिरा आले, तोवर कामगार उन्हात उभे राहून सुरक्षित राहिले. शपथ मी वाचून दाखवली. आवाज खणखणीत होता. सकाळपासून दोन गोळ्या झाल्या होत्या.

त्याच दुपारी मी स्लिटरजवळून जात होतो. स्लिटर म्हणजे फिल्मचा रुंद रोल पात्यांनी कापून अरुंद पट्ट्या गुंडाळणारं मशीन. त्यावर भगवान होता, शहाद्याकडचा, माझा सगळ्यात भरवशाचा ऑपरेटर. तो उभ्याउभ्या पेंगत होता. बघतो तर त्याची बाही रोलमध्ये ओढली जात होती. मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. बाही कोपरापर्यंत फाटली. हात वाचला.

“झोपला होतास?”

“डोकं दुखत होतं सर. दोन गोळ्या घेतल्या.”

“कुठून आणल्यास?”

त्याने खिशातून माझी चिठ्ठी काढली. ऑफिसात टांगलेल्या माझ्या कोटातून ती अर्ध्या खात्यात फिरून येत होती, हे मला तेव्हा कळलं.

“ही तुझ्यासाठी होती का रे?”

“तुमनीच चिठ्ठी शे ना सर. मंग काय व्हई?”

मी चिठ्ठी त्याच्या हातातून काढून घेतली. लाल बटणाशी पोचायला मला किती वेळ लागला, हे मला सांगता येत नव्हतं. माझ्या पोटातही दोन गोळ्या होत्या. त्या क्षणी ठरवलं, गोळी सोडायची; नाहीतर मशीन सोडायचं.

दुसऱ्या दिवशी सिल्वासाला गेलो. बाईंनी ब्लड प्रेशर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली, मान दाबून पाहिली. लिव्हर फंक्शन टेस्ट सांगितली. पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते, ती झाली आहे का हे बघायला. रिपोर्टसाठी बाकावर बसलो तेव्हा समोर ‘औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या’ अशी पाटी होती. चौदा महिने मी अशाच पाट्यांखाली उभा राहून औषध घेतलं होतं. यकृत ठीक निघालं.

“आजपासून बंद,” मी बाणेदारपणे म्हणालो.

“असं एकदम नाही तोडायचं,” बाई म्हणाल्या. “गुंगीचं औषध अचानक बंद केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. मी सांगेन तेवढीच कमी करायची, वहीत लिहायचं. दारू अजिबात नाही. आणि मी हो म्हणेपर्यंत मशीन नाही. बराबर?”

मी स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट मोजले. दुसरा आठवडा वाईट गेला. उलट्या, थरथर, आणि डोकं असं दुखे की भिंतीवर आपटावंसं वाटे. पट्टी माझी बायको सुनंदा हिच्या ताब्यात होती. “रागावलात तरी देणार नाही, आणि गोड बोललात तरी देणार नाही. दोन घास खा,” ती म्हणाली. भगवान रोज स्टोअरच्या खिडकीशी यायचा. “आज किती, सर?” मी बोटं दाखवायचो. बोटं कमी होत गेली.

सहा-सात आठवड्यांनी एका रविवारी आम्ही दादऱ्याच्या तळ्यावर गेलो होतो. परत निघताना लक्षात आलं, दिवसभरात डोक्याची आठवणच झाली नव्हती.

सोमवारी जुनी चिठ्ठी फाडायला घेतली. फाटेना. आमचा माल दणकट. भगवानने ती हातातून घेतली, “द्या इकडे, सर,” म्हणाला आणि स्लिटरची पाती बंद मशीनवरून उतरवून तिच्या पट्ट्या केल्या. या वेळी त्याची बाही दुमडलेली होती.

तुमच्याही खिशात अशी पट्टी असेल, तर तिच्यात काय काय आहे ते वाचा आणि आपली दुसरी औषधं डॉक्टरांना सांगा. आपली गोळी प्रेमाने कुणाला देऊ नका. डोकेदुखी अचानक फार जोरात आली, ताप असला, हातपाय लुळे वाटले किंवा बोलणं अडखळलं, तर गोळी न शोधता दवाखाना शोधा.

मला अजूनही महिन्यातून एकदा-दोनदा दुखतं. बाईंनी गुंगीचं औषध नसलेली गोळी दिली आहे, आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. त्यांची चिठ्ठी साध्या कागदाची आहे. महिन्याभरात घामाने विरते आणि मला पुन्हा त्यांच्यासमोर जाऊन बसावं लागतं. कागदाचा हा गुण आहे. मी तो दोष समजून दुरुस्त केला होता.