आईच्या पाटीवरचा आकडा

"ज्याला वेगळं हवं, त्यानं आपली पाटी टांगावी." ती बाई हे उठता-बसता म्हणायची. शीतगृहातल्या माणसांचे कान किटले होते, आणि मिस्त्रीचे तर सगळ्यांत आधी.

मिस्त्रीनं तिचं नाव ठेवलं होतं कानस. तिचं बोलणंच तसं होतं, लोखंडावरून कानस फिरावी तसं. तो बावीस वर्षं इथली यंत्रं सांभाळत होता. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं, कुठलं बेअरिंग कुरकुरतंय. ती आली सहा वर्षांपूर्वी, प्रोग्रॅम लिहायला. पहिल्याच दिवशी तिनं त्याची तापमानाची वही चाळली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मिस्त्री, महिनाभर रोज पाचच अंश? तुमचं यंत्र आहे की देव?" तेव्हापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य.

तिच्या घरचं कोणालाच धड माहीत नव्हतं. लग्न केलंच नाही की केलेलं मोडलं, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. धाकट्या बहिणीला तिनं एकटीनं शिकवलं, एवढंच ऐकिवात होतं. स्वतः टायपिंगच्या क्लासात बसून, शिक्षकाची पुस्तकं उसनी आणून प्रोग्रॅमिंग शिकली. डबा खिडकीपाशी उभ्यानं खायची. कोणी शेजारी आलं की झाकण लावायची.

एकदा मात्र तिनं मिस्त्रीला तिचं काम समजावलं होतं. कौतुकानं नव्हे, तो सारखा "तुमचं ते काचेतलं गारुड" म्हणायचा त्याचा राग येऊन. यंत्रघराच्या दारावर खडूनं एक चौकोन काढला. "ही आई. मूळ क्लास, म्हणजे सगळ्या खोल्यांचा साचा. हिच्या भिंतीवर पाटी आहे, पाटीवर आठ. खोली आठ अंशांच्या वर गेली की बेल. आता या लेकी. लशींची खोली, भाजीची खोली. यांच्याकडे स्वतःची पाटी नाही, या आईचीच वाचतात. मासे गोठलेले लागतात, म्हणून माशांच्या खोलीनं आपली पाटी टांगली, उणे पंधराची. ती आईकडे बघतच नाही. कळलं?"

"कळलं," मिस्त्री म्हणाला. "दार पुसून जा."

एका रविवारी दुपारी वीज गेली. जनरेटरवर एकच कॉम्प्रेसर चालायचा. माशांच्या खोलीची बेल वाजली तसा मिस्त्री धावला, हवा तिकडे वळवली आणि बाकीच्या बेलांकडे कान लावून बसला. एकही वाजली नाही. तीन तासांनी फेरी मारली तेव्हा लशींच्या खोलीत बारा अंश होते. गुराढोरांच्या लशी होत्या, सगळ्या फेकाव्या लागल्या.

सोमवारी सकाळी मालकाच्या खोलीत सगळे उभे होते. मालकाचा जावई तेवढा बसला होता.

"बेल हातानं दाबून बघितली, ठणठणीत वाजते," जावई म्हणाला. "माशांची ऐकू आली आणि शेजारची नाही? एका कानानं झोपला होतास का?"

"वाजलीच नाही, जावईबापू. पोरांची शपथ."

"पोरांना मधे आणू नकोस," मालक म्हणाले. "बावीस वर्षं झाली म्हणून बोलत नव्हतो. आता आवर तुझं सामान."

या वयात दुसरीकडे कोण उभं करणार होतं त्याला? आणि तेवढ्यात मागून कानस वाजली.

"भाजीच्या खोलीत किती होते?"

"दहा," मिस्त्री पुटपुटला.

"तिची बेल?"

"नाही वाजली."

"भाजी टिकली म्हणून कोणी विचारलं नाही. म्हणजे ज्या आईची पाटी वाचतात, त्या गप्प. जिची स्वतःची पाटी, ती एकटी ओरडली." तिनं टेबलावरचा संगणक स्वतःकडे फिरवला. "आईच्या पाटीवर सोळा आहे. आठ कोणी पुसले?"

जावयानं नवी खोली काढली होती, केळी पिकवायची, आणि तिची ओळ प्रोग्रॅममध्ये स्वतःच लिहिली होती. तिला ऊब लागते. तो उसळला, "मी आईला हातही लावला नाही! ओळ वाचा ना. स्वच्छ लिहिलंय, केळीच्या खोलीची मर्यादा सोळा."

"नाव केळीचं लिहिलंत. पण केळीकडे पाटी होती कुठे? तिच्या दारातून आत हात घातलात, तो आईच्या पाटीवर पडला. नवी टांगायची सोडून होती तीच खरवडलीत. सहा वर्षं घसा कोरडा केला माझा."

"पाटी खोडता येते अशी ठेवलीच कशाला?"

"ती माझी चूक. तुमच्या चुकीखाली तीही लिहिली आहे." तिनं एक कागद टेबलावर ठेवला.

मालकांनी कागद वाचला, घडी घातली. "बाई, लसवाल्यांना उत्तर द्यायचंय. यंत्र बंद पडलं, मिस्त्री हजर नव्हता, एवढं लिहा. जावई घरचा माणूस आहे."

"पहाटेच पाटी वाचली, तेव्हाच लसवाल्यांना पाठवला. हाच कागद."

मिस्त्रीला आता काढता येणार नव्हतं, हे मालकांच्या चेहऱ्यावर दिसलं. तो राग कुठेतरी उतरायला हवा होता.

"उद्यापासून येऊ नका."

"उद्या कशाला? आत्ताच निघते. तुमच्या जावयाला आठ लिहायला सांगा. येत असेल तर."

मिस्त्री तिला यंत्रघराच्या दाराशी आडवा आला. "बाई, माझ्यासाठी तुम्ही—"

"तुमच्यासाठी काय म्हणून?" ती तुटून पडली. "माझ्या आईच्या पाटीवर दुसऱ्याचा हात पडला, म्हणून बोलले. आणि वहीत खरे आकडे लिहा आता, लाज वाटू द्या."

मिस्त्रीच्या कपाळाची शीर उठली. उपकार केले तेही थोबाडीत मारल्यासारखे. तरी तो दारातून हलला नाही.

फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली होती. ती रस्त्याच्या मधूनच चालली, खांद्याला पिशवी, ताठ. एका ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला. ती बाजूला झाली नाही, शेवटी ट्रकच वळला. वर काचेआड जावई उभा होता, खाली दारात मिस्त्री. दोघंही ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले, एकमेकांकडे न बघता.