आधी बोया बघा!

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झालेली. घोडबंदरचा किल्ला बघायला आम्ही कोलशेतहून होडीने निघालेलो. नावाडी पन्नाशीचा, उघडाबंब. त्याचं नाव काही आम्ही विचारलं नाही. भरती आहे तोवर पोहोचायचं, म्हणून आमच्या आप्पांची सारखी घाई. एवढ्यात पाण्यातून बोय मासे टणाटण उड्या मारू लागले. नावाड्याने वल्हं सोडलं आणि उभं राहून चक्क टाळ्या पिटल्या.

"अरे, भरती चाललीय!" आप्पा ओरडले.

"शेट, किल्ला काय पलून जातंय? आदी या बोया बगा!"

व्हायचं तेच झालं. ओहोटी लागली, होडी गाळात रुतली. किल्ला समोर दिसतोय, पण जाणार कसं? आप्पा संतापून उठले, तोच एक बोय उसळून थेट त्यांच्या धोतरात पडली.

त्यानंतर "ती बघा, ती बघा!" म्हणून ओरडणारे दोघे झाले.