डाळिंबी रंगाची वाटी

मला लाल आणि तपकिरी वेगळे दिसत नाहीत. अशा माणसाने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवावं आणि वर कुजक्या फांद्यांवरची वाटीसारखी बुरशी गोळा करत हिंडावं, म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण बायको होती म्हणून निभावलं.

श्रावण-भाद्रपदात पावागडच्या पायथ्याशी फिरून मी त्या इवल्या वाट्या डब्यातून बडोद्याला आणायचो. वाळल्या की सगळ्या सारख्याच मळकट होतात, म्हणून रंग त्याच दिवशी लिहावा लागतो. ती हातातलं काम टाकून खिडकीशी यायची, वाटी उजेडात धरायची आणि साड्यांच्या भाषेत निकाल द्यायची: शेंदरी, आमसुली, विटकरी. एकदा म्हणाली, "ही माझ्या डाळिंबी साडीसारखी. माझ्या साड्या तुमच्यापेक्षा या बुरशीलाच जास्त ठाऊक." मी हसलो आणि चिठ्ठीवर 'डाळिंबी' लिहिलं.

पुढचं काम माझं. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंच्या पिशव्या बघायच्या. काहींचं तोंड झाकणासारखं उघडतं, काहींना झाकणच नसतं. आमच्या वर्गीकरणातली मोठी फूट तिथेच पडायची. आयोडीनच्या थेंबाने पिशवीचं टोक निळं होतं का, तेही पाहायचं. निळा मला दिसतो, आणि त्याचा मला फार तोरा होता. आता डीएनए तपासून जुनी कुळं मोडून नवी मांडली आहेत. नुसत्या रंगावर जायचं नाही, असं नवी पोरं सांगतात. मला ते पटतं, तरी जिवाला लागतं.

ती गेल्या वर्षी गेली. परवा पुण्याहून लेकीचा फोन आला. मुलाच्या मुंजीत नेसायला तिला आईची ती डाळिंबी साडी हवी होती.

मी कपाट उघडून नुसता उभा राहिलो. बुरशीच्या पाकिटावर 'डाळिंबी' लिहिलेलं आहे, पण आतली वाटी केव्हाच मातकट झाली. साड्यांचे रंग शाबूत आहेत, पण त्यांना चिठ्ठ्या नाहीत. इतकी वर्षं बुरशीचे रंग तिला विचारले. आज कोणत्या रंगाची साडी नेसलीस, हे एकदाही विचारलं नाही. ती खंत आता जात नाही.

शेवटी शेजारच्या बेनना बोलावलं. त्यांनी साड्या चाळल्या, एक ओढून काढली आणि म्हणाल्या, "आ ज हशे, काका."

हीच असेल, म्हणून तीच पाठवली. साडी पोचल्याचं लेकीने कळवलं. तीच होती का, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.